सर्व्हो रुसला तर...

हाताने फिरवायच्या चाकांचे जुने मिलिंग मशीन घ्यायचे, ती चाके काढून त्या जागी मोटरी बसवायच्या आणि संगणकाच्या हुकमाने टेबल हलवायचे, हा उद्योग आता मोठ्या कारखान्यांपुरता उरलेला नाही. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्येही तो करता येतो. रामटेकसारख्या तालुक्याच्या गावात अशा मशीनचा उपयोग कोणालाही पटण्यासारखा आहे. या भागात धान पिकते, म्हणून राइस मिल आहेत. जवळच मनसर आणि कांद्रीला मँगनीजच्या खाणी आहेत. शेतांत पंप आहेत, मळणीयंत्रे आहेत. या सगळ्यांचे भाग झिजतात, तुटतात आणि जो भाग बाजारात मिळत नाही तो कोणाला तरी करून द्यावा लागतो. गावात 1985 पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, त्यामुळे असे काम अंगावर घेऊ शकणारी शिकलेली मुलेही आहेत.

पण मशीन उभे करणे ही निम्मी गोष्ट झाली. एखाद्या दिवशी काम अर्ध्यावर असताना पेटीतला लाल दिवा लागतो, मोटर हलेनाशी होते आणि व्हाइसमधला तुकडा वाया जातो. खरी परीक्षा तेव्हा सुरू होते. नागपूर पन्नास किलोमीटरच्या आसपास. तिथून कारागीर बोलावला तर त्याचे भाडे आणि आपला दिवस. तो आला आणि ‘ड्राइव्ह गेला, नवा घ्या’ म्हणाला, तर आणखी काही हजार रुपये. आणि मूळ दोष दुसरीकडेच असला, तर नवा ड्राइव्हही त्याच वाटेने जातो. कर्ज काढून मशीन बसवलेल्या तरुणाला असे दोन फटके बसले की तो धंदाच बंद करतो. म्हणून दोष कुठे आहे हे आपले आपल्याला कसे शोधता येईल, ते आज पाहू.

सर्व्हो म्हणजे आज्ञाधारक

‘सर्व्हो’ हा शब्द जुना आहे. लॅटिन भाषेत ‘सर्वुस’ म्हणजे दास. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधले जोसेफ फार्को यांनी वाफेच्या जहाजाचे जड सुकाणू फिरवणारे यंत्र केले. खलाशी छोटा दांडा हलवी आणि यंत्र तेवढेच सुकाणू वळवी. 1873 साली त्यांनी या यंत्रावर पुस्तक लिहिले आणि त्याला ‘सर्व्हो-मोटर’ म्हटले. पुढे अमेरिकेत जॉन पार्सन्स यांना हेलिकॉप्टरच्या पात्यांचे आकार अचूक तपासण्यासाठी आकड्यांनी चालणारे यंत्र हवे होते. त्यातून निघालेल्या कामात मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटी या संस्थेतल्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेने 1952 साली आकड्यांच्या हुकमावर चालणारे मिलिंग मशीन लोकांना दाखवले. त्याचा नियंत्रक निर्वात नळ्यांचा, म्हणजे जुन्या रेडिओत असत तशा व्हॉल्व्हचा होता. आज तेच काम जुना संगणक आणि हातात मावणारा ड्राइव्ह करतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत 1990 च्या दशकात तयार झालेला नियंत्रणाचा प्रोग्राम पुढे ‘लिनक्स सीएनसी’ या नावाने सर्वांना फुकट उपलब्ध झाला, म्हणून हे घरगुती प्रयोग शक्य झाले.

आता हे चालते कसे? त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेत गडाकडे निघालेले वडील आणि त्यांच्या मागे चालणारे मूल डोळ्यांसमोर आणा. वडील पुढे पाऊल टाकतात, मूल त्यांच्याकडे पाहत मागे चालते. अंतर वाढले की ते पावले उचलते, कमी झाले की हळू होते. अंतर फारच वाढले तर ते जागच्या जागी थांबून हाका मारते. इथे वडील म्हणजे संगणकाचा हुकूम, मूल म्हणजे मोटर. मोटरीच्या मागच्या टोकाला एन्कोडर नावाची चकती असते. ती मोटर किती फिरली हे मोजते, म्हणजे ते मुलाचे डोळे. ड्राइव्ह दर क्षणी हुकूम आणि प्रत्यक्ष जागा यांतला फरक काढतो आणि त्या प्रमाणात मोटरीला करंट देतो. फरक ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की तो मोटर सोडून देतो आणि लाल दिवा लावतो.

थोडा हिशेब पाहू. एन्कोडर एका फेऱ्यात 2000 पायऱ्या मोजतो आणि मोटर 5 मिलिमीटर आट्याच्या स्क्रूला सरळ जोडली आहे, असे धरा. एक पायरी म्हणजे 0.0025 मिलिमीटर. ड्राइव्हची मर्यादा 128 पायऱ्यांची असेल, तर टेबल 0.32 मिलिमीटर मागे पडताच ड्राइव्ह काम थांबवतो. आपल्याकडे कारागीर ज्याला ‘सूत’ म्हणतात, त्याच्या दहाव्या भागाइतकी ही चूक झाली.

यातून एक गोष्ट लक्षात घ्यावी. लाल दिवा लागला याचा अर्थ ड्राइव्ह बिघडला असा होत नाही. पुष्कळदा तो ड्राइव्ह चांगला असल्याचाच पुरावा असतो. मूल हाका मारते आहे. ते मागे का पडले, हे आपण शोधायचे आहे.

आधी जीव, मग मशीन

पेटी उघडण्याआधी चार गोष्टी कराव्यात. कटर काढून ठेवावा. उभ्या दिशेने हलणारा भाग मोटरीच्या जोरावर तोललेला असेल, तर वीज जाताच तो खाली येऊ शकतो, म्हणून त्याच्याखाली लाकडाचा ठोकळा द्यावा. मग मुख्य स्विच बंद करून प्लग काढावा. आणि त्यानंतर लगेच हात घालू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. घरच्या 230 व्होल्टवर सरळ चालणाऱ्या ड्राइव्हच्या पोटात 325 व्होल्टच्या आसपास डीसी दाब असतो आणि तो माणूस मारायला पुरेसा आहे. माहितीपुस्तकात सांगितलेली मिनिटे थांबावे, मल्टिमीटरने दाब उतरल्याची खात्री करावी. स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडण्याची सवय काहींना असते, ती सोडावी.

आपत्कालीन लाल बटण मोटरींची वीज तोडते का, हेही तपासावे. ते केवळ संगणकाला ‘थांब’ असे सांगत असेल, तर संगणक अडकला त्या दिवशी ते बटण निरुपयोगी ठरेल.

दिवा केव्हा लागला?

डॉक्टर जसे ‘ताप केव्हा येतो’ विचारतात, तसे आपण विचारावे: दिवा नेमका केव्हा लागतो? निम्मे निदान या उत्तरात असते.

वीज दिल्याबरोबर मोटर एकदम जोरात पळते आणि मग दिवा लागतो, असे असेल तर मोटरीच्या तारा आणि एन्कोडरच्या तारा एकमेकींच्या उलट लागल्या आहेत. मूल वडिलांकडे जायचे ते पाठ फिरवून पळू लागते आणि अंतर वाढले म्हणून आणखी जोरात पळते. नवी जोडणी केल्यावर किंवा मोटर दुरुस्त करून आणल्यावर हा प्रकार होतो. कार्बन ब्रशच्या डीसी मोटरीत तिच्या दोन तारांची अदलाबदल केली की काम होते. तीन तारांच्या एसी सर्व्होत मात्र अंदाजाने तारा बदलू नयेत, नकाशाप्रमाणेच जोडाव्यात. पहिली चाचणी नेहमी पट्टा काढून, मोटर एकटी ठेवून घ्यावी.

टेबल हलू लागल्यावर, विशेषतः एका ठरावीक जागी दिवा लागत असेल, तर दोष बहुधा लोखंडात आहे. वीज बंद करून पट्टा किंवा कपलिंग सोडवा आणि स्क्रू हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. कुठे जड लागतो? सरकमार्गावर तेल पोहोचते का? ढिलाई काढण्याच्या नादात जिब जास्त आवळली आहे का? स्क्रूच्या आट्यात बुरादा अडकला आहे का? आणि सुटी झालेली मोटर हाताने फिरवली तर बेअरिंग खरखरते का? या तपासाला खर्च काही नाही आणि पुष्कळ दोष इथेच सापडतात.

मिलिंगची मुख्य मोटर सुरू करताच दिवा लागत असेल, तर विजेच्या गोंगाटाकडे पाहावे. मुख्य मोटरीचा वेग बदलणारे यंत्र सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करते. त्याच्या केबलशेजारून एन्कोडरची नाजूक 5 व्होल्टची तार गेली असेल, तर खोट्या पायऱ्या मोजल्या जातात. दोन्ही तारा वेगळ्या मार्गाने न्याव्यात, ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात ओलांडाव्यात. एन्कोडरसाठी जाळीची केबल वापरावी. या साध्या जोडणीत जाळी सहसा पेटीच्या बाजूला एकाच टोकाला अर्थ करतात. ड्राइव्हच्या पुस्तकात वेगळे सांगितले असेल तर ते मानावे.

तीन दिशांपैकी दोन दिशांच्या मोटरी आणि ड्राइव्ह अगदी सारखे असतील, तर अदलाबदलीची युक्ती फार उपयोगी पडते. वीज बंद करून आडव्या दिशेचा ड्राइव्ह उभ्या रेषेच्या जागी आणि तिथला इकडे लावा. मांडणीचे आकडे सारखे आहेत याची खात्री करा. दोष ड्राइव्हबरोबर गेला, तर ड्राइव्ह दोषी. दोष जागेवरच राहिला, तर तो मोटरीत, तारेत किंवा स्क्रूत आहे. एका वेळी एकच वस्तू बदलावी. दोन बदलल्या तर काहीच सिद्ध होत नाही.

दाबाचा हिशेब

घरगुती रूपांतरात डीसी सर्व्होसाठी वीज बहुधा साध्या ट्रान्सफॉर्मरमधून घेतात. ट्रान्सफॉर्मर 48 व्होल्टचा आणि ड्राइव्ह 80 व्होल्टपर्यंत सहन करणारा, म्हणून बरेच जण निर्धास्त असतात. पण एसीची डीसी करून कपॅसिटरमध्ये भरली की दाब 1.41 पट होतो, म्हणजे 48 चे सुमारे 68 होतात. रात्री उशिरा वापर कमी झाल्यावर लाइनचा दाब 230 वरून 253 ला गेला, तर 68 चे 75 होतात. आता टेबल वेगात असताना एकदम थांबवा. चालते टेबल मोटरीला फिरवत राहते, मोटर क्षणभर डायनॅमो होते आणि ती वीज उलटी येऊन कपॅसिटरमध्ये शिरते. दाब 80 ओलांडतो. चांगला ड्राइव्ह दिवा लावतो, स्वस्त असेल तर जळतो.

‘नवा ड्राइव्हही गेला’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते. उपाय स्वस्त आहेत. ट्रान्सफॉर्मर थोड्या कमी दाबाचा घ्यावा, थांबण्याचा वेग संगणकात थोडा सौम्य करावा किंवा जादा वीज जिरवणारा ब्रेक रेझिस्टर बसवावा.

उलटही घडते. शेतीचे पंप सुरू झाले आणि लाइन 200 व्होल्टवर आली, तर 68 चे 59 उरतात. मोटरीचा कमाल वेग तेवढ्या प्रमाणात घटतो. सावकाश कामात काही कळत नाही, पण वेगाने टेबल मागे आणताना मोटर मागे पडते आणि दिवा लागतो. सकाळी चालणारे मशीन संध्याकाळी रुसते ते असे. दोन हजारच्या दशकातल्या भारनियमनाच्या दिवसांत वीज आल्या-गेल्याचा झटका ही वेगळी डोकेदुखी होती. आजही वीज परतताच मशीन आपोआप सुरू होणार नाही, अशी व्यवस्था हवीच.

दिवा लागत नाही, पण माप चुकते

हा सर्वांत फसवा प्रकार. ड्राइव्ह म्हणतो सगळे ठीक आहे आणि बुश मात्र बेअरिंगवर बसत नाही. इथे हे ध्यानात ठेवावे की एन्कोडर मोटरीवर आहे, टेबलावर नाही. मोटरीपुढे पट्ट्यात, स्क्रूत काय घडते ते ड्राइव्हला दिसतच नाही.

म्हणून आपणच पाहायचे. टेबलाला डायल गेज लावा, काटा शून्यावर आणा. टेबल 50 मिलिमीटर पुढे नेऊन मागे आणा आणि काटा वाचा. मग तेच शंभर वेळा करायला लावा आणि पुन्हा वाचा. चुकीची रीत पाहून दोष ओळखता येतो.

टेबल डावीकडून आले की एक आकडा आणि उजवीकडून आले की दुसरा, पण फेऱ्या वाढवल्या तरी फरक तेवढाच, असे असेल तर ती स्क्रूतली ढिलाई, म्हणजे बॅकलॅश. 100 मागितले आणि 99.8 मिळाले, पण परत मात्र नेमके शून्यावर आले, तर संगणकात भरलेला स्क्रूच्या आट्याचा किंवा पायऱ्यांचा आकडा चुकीचा आहे. फेऱ्यांबरोबर चूक सारखी वाढत गेली, तर दोन शक्यता. पहिली, पुलीचा ग्रब स्क्रू ढिला होऊन ती सरकते. शाफ्ट आणि पुलीवर मिळून पेनाने एक रेघ मारा. चाचणीनंतर रेघ तुटलेली दिसली तर चोर सापडला. दुसरी, दिशा बदलण्याचा हुकूम आणि पुढची पायरी यांत ड्राइव्हला हवा तेवढा अवधी संगणक देत नाही. एका फेरीत एकच पायरी हरवली, तरी शंभर फेऱ्यांत 0.25 मिलिमीटर होतात, म्हणजे वहीच्या दोन-तीन पानांची जाडी. संगणकातला तो अवधी काही मायक्रोसेकंदांनी वाढवला की झाले. आणि चूक कधी इकडे, कधी तिकडे, कधी नाहीच, अशी लहरी असेल, तर एन्कोडरची तार, तिचा जोड किंवा गोंगाट यांवर संशय घ्यावा.

ऊन, धूळ आणि अर्थिंग

आपल्या भागात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जाणे नवे नाही. पुष्कळ ड्राइव्ह 40 ते 50 अंशांच्या भोवतालच्या हवेसाठी केलेले असतात. पत्र्याच्या शेडमध्ये, बंद पेटीत ही मर्यादा दुपारी सहज ओलांडली जाते. मशीन अर्धा तास चालून थांबते आणि थंड झाल्यावर पुन्हा चालते, हे त्याचे लक्षण. पेटी पश्चिमेच्या भिंतीवर ठेवू नये. पंखा आणि त्याची जाळी दर आठवड्याला झाडावी. आणि एक खास नागपुरी सूचना: कुलरचे तोंड पेटीकडे करू नये. त्याची हवा गार असली तरी ओली असते आणि त्यात धातूची धूळ मिसळली की विजेला नको तिथे वाट मिळते. ब्रशच्या मोटरीत झिजलेल्या कार्बनची भुकटी साठूनही असेच होते. वर्षातून एकदा ब्रश काढून पाहावेत.

उन्हाळ्यात जमीन सुकते तसे अर्थिंगही कमजोर होते. त्याच्या खड्ड्यात नियमित पाणी घालावे आणि जाणकार वायरमनकडून ते मोजून घ्यावे. अर्थ मिळत नाही म्हणून मशीनच्या अंगाला न्यूट्रल जोडणे हा जिवाशी खेळ आहे. ती न्यूट्रल तार कुठे तुटली, तर सगळे मशीन जिवंत होते.

सूर लावणे

सगळे तपासले, तरी मोटर उभ्या जागी गुणगुणते किंवा थरथरते, तर ड्राइव्हचा सूर बिघडला आहे. बहुतेक ड्राइव्हमध्ये त्यासाठी तीन आकडे किंवा तीन छोटे स्क्रू असतात. पहिला ओढ ठरवतो: अंतर पडले की मुलाने किती जोराने धावायचे. तो फार वाढवला तर मूल वडिलांना ओलांडून पुढे जाते, परत येते, पुन्हा मागे जाते. हीच ती थरथर. दुसरा आवर घालतो, मोटरसायकलच्या शॉक ॲब्सॉर्बरसारखा. तिसरा उरलेले बारीक अंतर साठवत जाऊन ते शून्य करायला लावतो. झिगलर आणि निकोल्स या दोघा अभियंत्यांनी हे आकडे बसवण्याची पद्धत 1942 साली मांडली. आपल्यासाठी साधी रीत अशी: तिसरा शून्यावर ठेवून पहिला हळूहळू वाढवावा, थरथर सुरू झाली की थोडा मागे घ्यावा, दुसऱ्याने आवर घालावा, शेवटी तिसरा थोडासा द्यावा. मात्र स्क्रू जड असताना किंवा पट्टा सैल असताना सूर लावू नये. ढिलाई सुराने झाकली जात नाही. ती काही दिवसांनी पुन्हा वर येते, आणि तोपर्यंत आपण मूळ आकडे विसरलेलो असतो.

म्हणून शेवटची सूचना वहीची. पेटीशेजारी एक वही टांगून ठेवावी. मशीन उत्तम चालत असते त्या दिवशीच त्यात ड्राइव्हचे आकडे, मोटरीच्या तारांचे रंग, रिकाम्या अवस्थेतला डीसी दाब आणि डायल गेजची वाचने लिहावीत. पुढे दिवा लागेल तेव्हा तारीख, वेळ, लाइनचा दाब आणि काय चालले होते, हे लिहावे. चार-सहा नोंदी झाल्या की दोषाची सवय दिसू लागते. मग कारागीर बोलवावा लागलाच, तर ही वही त्याच्यापुढे ठेवावी. अंदाजाने ड्राइव्ह बदलण्याची पाळी त्याच्यावर येणार नाही आणि आपले पैसे राहतील.

(संपादित भाषण)